दाराला कान

कुलुप्यानं गुडघे टेकले, दाराला कान लावला आणि बारीक आकडा कुलपाच्या भोकात सरकवला.

"आवाज नको," मागे उभा असलेला उंच माणूस म्हणाला. "शेजारीपाजारी दुपारचे झोपलेले असतात. घर माझंच आहे, आत कुणी नाही. किल्ली तेवढी हरवली."

"आवाज कसला, साहेब! कुलपालासुद्धा पत्ता लागणार नाही."

बोलून गेला खरा, पण मनातून तो धास्तावला होता. दुकान थाटल्यापासूनचं हे पहिलंच गिऱ्हाईक. किल्लीशिवाय कुलपं उघडायची हा त्याचा नाद. मित्रांनी 'कुलुप्या' नाव पाडलं तेही त्यावरूनच. पण आजवरची कुलपं सगळी टेबलावरची. त्यांना दार नव्हतं, आणि मागे कुणी घड्याळ बघत उभं नसायचं. त्यातलं एकच त्याला कधी उघडता आलं नव्हतं. बायको त्या कुलपाला 'माझी सवत' म्हणायची, आणि नवऱ्यानं लबाडी करू नये म्हणून किल्ली तिनंच लपवून ठेवली होती. या नादापायी त्यानं चांगली नोकरी सोडली तेव्हा ती रडली नाही, भांडली नाही. "महिनाभरात गिऱ्हाईक आलं नाही तर मुकाट्यानं ऑफिस गाठायचं," एवढंच म्हणाली. महिना संपत आला होता.

हे कुलूप मात्र देखणं निघालं. दारातच बसवलेलं, जुनं आणि चांगलंच आडमुठं. कुलुप्याची भीती जरा ओसरली आणि सवयीप्रमाणे तो त्याच्याशी बोलायला लागला. "ये रे माझ्या राजा. घाबरतोस काय? ही एक पिन झाली... आता दुसरी. शहाणं बाळ ते!" आतल्या पिना एकेक करून वर बसत होत्या, कानाला टिकटिक लागत होती. शेवटची तेवढी राहिली.

आणि त्या टिकटिकीच्या मागे त्याला श्वास ऐकू आला. धाप लागल्यासारखा, भोकाच्या अगदी पलीकडे.

त्यानं आकडा जागीच थांबवला.

"दादा," आतून बाईचा आवाज आला. दाराला कान लावल्याशिवाय कळणार नाही इतका बारीक. "नका उघडू. पाया पडते. कडी त्यांनीच तोडलीय. हे एवढं कुलूप उरलंय."

"थांबलास का?" मागून प्रश्न आला.

"जरा... जरा अवघड आहे, साहेब."

"दुकानात तर मोठ्या गप्पा हाणत होतास." माणसानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात जड होता, आणि तो तिथंच राहिला.

पळावं तर जिना त्या माणसाच्या पाठीशी. जमत नाही म्हणावं तर हा तासाभरात दुसरा कुलूपवाला पकडून आणेल. आणि उघडावं तर... ते त्याला मनातल्या मनातही पुरं करवेना. दारापलीकडचा श्वास थांबला होता. बाईनं तो रोखून धरला असावा.

कुलपात हत्यार मोडणं ही त्याच्या नादिष्ट मंडळींत सगळ्यांत मोठी नामुष्की. ज्याच्या हातून मोडेल त्याला पुढे वर्षभर 'हातोडा' म्हणून हाक मारायचे. कुलुप्याच्या हातून आजपर्यंत कधी मोडलं नव्हतं.

त्यानं आकडा खोल घातला, आडवा केला आणि मनगटाला हिसका दिला. कट्.

"मोडला," तो म्हणाला. "तुकडा आत अडकला. आता बाहेरून किल्लीसुद्धा जायची नाही."

माणसानं त्याला कॉलर धरून उभं केलं. "मुद्दाम केलंस," तो दातांतल्या दातांत म्हणाला. आताही आवाज चढू दिला नव्हता त्यानं. भीतीनं अर्धमेल्या झालेल्या कुलुप्याच्या तेवढं लक्षात आलं.

"कॉलर सोडा!" तो ओरडला. आवाज चिरकला, पण जिनाभर घुमला. "साहेब, माझी कॉलर सोडा!"

खालच्या मजल्यावर दार उघडलं. "कोण आहे रे वर?" म्हणत एक काकू पायऱ्या चढून आल्या. माणसानं हात काढला, शर्ट नीट केला आणि चक्क हसला. "काही नाही काकू, कुलूप बिघडलंय." जिना उतरण्याआधी तो कुलुप्याच्या कानाशी वाकला. "तुझं दुकान कसं चालतं तेच बघतो."

काकूंनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा कुलुप्याकडे. वरची आदळआपट त्यांनी याआधीही ऐकली असावी. पोलिसांना फोन लावला आणि दाराशी पायरीवर बसकण मारली. "आता मी इथून हलत नाही गं," त्या दाराला म्हणाल्या.

कुलुप्याही बसला.

"गेले?" आतून आवाज आला.

"गेले, ताई. तुम्हाला आतल्या खटक्यानं उघडेल. बाहेरून कुणाला नाही."

मग ती म्हणाली, "दादा, याच्या जोडीला दुसरं कुलूप बसवून द्याल? पण असं हवंय, की तुम्हालासुद्धा उघडता येणार नाही."

त्यानं खिशातून फोन काढला. घरी नंबर लावला.

"ऐक," तो बायकोला म्हणाला. "गिऱ्हाईक मिळालंय. तुझी ती सवत घेऊन ये इकडे. हो, किल्लीसकट. पण किल्ली मला दाखवू नकोस. इथं एक ताई आहेत, त्यांच्याच हातात दे."