त्याचा चमचा
“आई, माझा चमचा कुणाला देऊ नकोस हं!” लेकानं चार वर्षांचा असताना दिलेला तो लाडिक दम इतक्या वर्षांनीही कानात रुणझुणत होता, तरी आज तिनं तोच चमचा दिराच्या वाडग्यात ठेवला. पुढारी दीर उद्या हेरॉइनची विक्री कायदेशीर करणारं विधेयक मांडणार होता आणि जेवायला बोलावलेल्या पत्रकारांपुढे रंगात आला होता. “उघड मिळायला लागलं, की घराघरांतली लपवाछपवी संपेल!” मग चमचा उलटून बघत तो हसला. “वहिनी, भांडी घासता की नुसती गोंजारता? खालून काळाकुट्ट आहे हा!” “घासून घासून बोटं झिजली, भाऊजी. तुमचा पुतण्या त्यातच हेरॉइन तापवायचा.” दिरानं डोळे वटारले. ती पत्रकारांकडे वळली. “माझं पोरगं नशेनं गेलं. निवडणूक होती, म्हणून भाऊजींनी ‘तापानं गेलं’ सांगायला लावलं. लिहून घ्या, या घरातली लपवाछपवी आजच संपली.”