उभ्या खाचा

मूठ फिरली, परंतु खिडकी हलली नाही. मिस्त्रीने ती पुन्हा फिरवून पाहिली. काच चारही बाजूंनी चौकटीत कायमची चिकटवलेली होती. त्या चौकटीवर बसवण्याकरिता दिलेल्या मुठीच्या आत ना कडी होती, ना दांडा.

“मुकादम, हिनं उघडायचं काय?”

“काही नाही. मागच्या इमारतीत लोकांची तक्रार आली, बंद काचेत जीव गुदमरतो म्हणून. तेव्हा इथं मुठी लावायच्या. हाताशी मूठ दिसली की माणूस गप्प बसतो.” मुकादम हसला. “माझ्या घरी कर्ता पुरुष मीच आहे, मिस्त्री. तसंच समजा.”

मिस्त्रीला हसू आले नाही. भिंती आता कारखान्यातून काचेसकटच येत असत. क्रेन त्या उचलून लावी आणि बघता बघता खिडक्यांसह सबंध मजला उभा राही. वाकड्या भिंतीत सरळ खिडकी बसवण्याची विद्या ज्याने जन्मभर जोपासली, ओळंबा, पाचर आणि काच लिंपायची लांबी यांवर ज्याने संसार केला, त्याच्याकरिता त्या एवढ्या उंच इमारतीत खोट्या मुठींचे तेवढे काम शिल्लक होते. ते त्याने पत्करले. पोट कामाला त्याची जात विचारीत नाही.

तरीही प्रत्येक मूठ त्याने आपल्या रीतीने बसवली. स्क्रू पुरता आवळला गेला की त्याच्या माथ्यावरची खाच ओळंब्यासारखी उभी राहिली पाहिजे, अशी त्याच्या वडिलांची शिकवण होती. खाच तिरपी राहिली तर वडील तो स्क्रू काढायला लावीत. उघडझाप केल्यावाचून आणि खाचा उभ्या केल्यावाचून त्यांच्या घराण्यातल्या माणसाने खिडकी कधी कुणाच्या स्वाधीन केली नव्हती.

“अहो, खोट्या मुठीला एवढा साज कशाला?” मुकादम म्हणाला.

“हात दुसरं काही शिकलाच नाही.”

“बरं, ऐका. इथं मोठं ऑफिस येतंय, माणसं भरतायत. लेकीला पाठवा. या धंद्यात तुमचंच भागेना, तिचं काय भागणार?”

लेक वर्षभर मिस्त्रीच्याच हाताखाली होती. आधीच्या नोकरीत एका बंद हॉलमध्ये बसावे लागे. तिथे तिला धाप लागायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा तर तिला उचलूनच बाहेर आणावे लागले. तेव्हा ती नोकरी सोडून तिने ड्रिल हातात घेतले. तिचा हात बापाहून स्थिर होता, आणि हेच मिस्त्रीचे दुःख होते. बुडत्या नावेला आणखी एक चांगले वल्हे मिळून काय उपयोग? या मुठींच्या कामाला मात्र त्याने तिला आणले नव्हते. काम किरकोळ आहे, एवढेच सांगितले होते. खरे सांगण्याची त्याला लाज वाटली.

संध्याकाळी त्याने मुकादमाचा निरोप सांगितला; आपले काम त्याच इमारतीत आहे, हे मात्र सांगितले नाही. लेक नखांत वाळलेले सिलिकॉन खरवडीत बसली होती.

“तीन वर्षं सोडता येणार नाही, असला करार करून घेतात तिथं. मैत्रीण सांगत होती,” ती म्हणाली. “बाबा, धंदा शिकवा म्हटलं की अंगावर का येता तुम्ही?”

“शिकवायला धंदा उरलाय कुठं?”

तिने नखातला शेवटचा कण काढून टाकला. मग म्हणाली, “उद्या जाऊन जागा बघते. खिडकी उघडत असली तर सही करते. नसली तर परवापासून मी तुमच्याबरोबर कायमची. मग कुरकुर करायची नाही.”

“नाही करणार.”

सत्य त्याच्या ओठांपर्यंत आले होते, परंतु त्याने मिठाची गुळणी धरली. मनाशी त्याने हिशेब मांडला की घोडामैदान जवळच आहे. पोर खिडक्या बसवणारी आहे. मूठ दिसताच ती फिरवील, ओढील, आणि काय ते तिचे तीच ठरवील. जे बापाला सांगवत नाही, ते मूठच सांगेल.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही. सकाळी त्याने लेकीचे ड्रिल पुसले, पाती तेलाने चोपडली, सारे पिशवीत नीट भरले आणि पिशवी दाराशी ठेवली. ती परत येणार, याची त्याला आता खात्री वाटत होती. धंदा बुडाला तर दोघे मिळून बुडू, पण पोर श्वास तरी घेईल. रात्रभर न सुचलेला हा विचार दिवसाउजेडी त्याला इतका सोपा वाटला की, तिला आधी सांगितले असते तरी चालले असते, असेही त्याच्या मनात आले.

लेक दुपार कलताना आली. दाराशी ठेवलेल्या पिशवीला तिचा पाय अडखळला.

“हे आता विकून टाका, बाबा. सही करून आले.”

मिस्त्री उठून उभा राहिला. “आणि खिडकी?”

“माझ्या टेबलाला लागूनच आहे.”

“उघडून पाहिलीस?”

“हात पुढं केला होता.” ती चपला काढता काढता हसली. “मग मुठीचे स्क्रू दिसले. साऱ्या खाचा उभ्या, तुमच्या हातच्या. तुम्ही सांगितलं नाहीत तरी कळायचं ते कळलंच की. मग कशाला उघडून बघायची?”