शीतनिद्रेचा डबा

उटीच्या आरक्षण खिडकीवर मृदुलाने आईचा अर्ज पुन्हा वाचला. दार्जिलिंगपर्यंतचा सपाट प्रदेश पंचावन्न अंशांवर तापलेला असल्याने गाडीत प्रवाशांना दोन दिवस गारठवून झोपवत. सत्तरीपुढच्या शंभरातले तिघे उठत नसत. खाली नातेवाइकाची सही हवी होती.

“आई, सुट्टीभर इथेच राहू.”

“मला कांचनगंगा बघायचीय.”

“आणि उठलीच नाहीस तर?”

“तुझ्या अर्जावर मी मघाशीच सही केली. धोका तुलाही आहे, थोडा कमी. ती सही मलाही सोपी नव्हती गं.”

मृदुलाने आईचा अर्ज फळीवर सरळ केला. मग तिने सही केली.

“आधी कुणाला उठवायचं?” कारकुनाने विचारलं.

“मला,” ती म्हणाली. “आई डोळे उघडेल तेव्हा मी समोर हवी.”