काठावरचं हिरवं

अबुधाबीच्या फ्लॅटसाठी सुजीतने झाकणाचं जुनं चिनी मातीचं भांडं आणलं खरं, पण पहिल्या दिवसापासून त्याच्या मनात पाल चुकचुकत होती. भांडं घडलं चीनमध्ये आणि त्याच्या तोंडाला ब्राँझचा सोनेरी काठ चढवला फ्रान्समध्ये, असं दुकानदार सांगत होता. त्या काठाखाली तडा तर लपवला नसेल?

महिन्याभरात काठावर हिरवट डाग उमटले.

"मुलामाच खोटा आहे," सुजीत म्हणाला. पुण्याहून राहायला आलेल्या आईनेही त्याची री ओढली, "मलाही ते काम काही धड वाटत नाही."

सुजीतने दुकानदाराला घरी बोलावून चांगलंच फैलावर घेतलं. "हबीबी, दो सौ साल में इसको कुछ नहीं हुआ," असं म्हणत दुकानदाराने झाकण उचललं आणि भांडं सुजीतपुढे सरकवलं. आत काठोकाठ कैरीचं लोणचं भरलेलं होतं.

सुजीतने आईकडे पाहिलं.



"बघतोस काय? बरणी उत्तम आहे," आई म्हणाली, "पण लोणच्याच्या बरणीला कुणी धातूचा काठ लावतं का? तुला फसवलंच त्याने."