पुसलेली नोंद

"सुटीच्या दिवशी काहून वर्ग घेऊन राहिली?" असं ओरडत माझ्या मुलाने, आलोकने, कुकरचं झाकण बायकोच्या कपाळावर हाणलं. प्रणोती ओट्यावर आदळली. मग उठली, कपाळाला रुमाल दाबला आणि कॅमेरा बंद ठेवून जेवणाच्या टेबलावरच्या लॅपटॉपसमोर बसली. सायबर सुरक्षा शिकणारे तिचे विद्यार्थी ऑनलाइन वाट बघत होते. भांडी घासायला मुन्नीबाई यायची वेळ झाली होती, म्हणून मी ओट्यावरचं रक्त पुसायला घेतलं.

"मॅडम, ये फाइल-फोल्डर बोर है," एक मुलगा म्हणाला. "लिनक्स में कुछ मारधाड़वाला पढ़ाइए न!"

"अच्छा, तो आज लॉग," प्रणोती म्हणाली. तिने समजावलं, कोण घुसलं, कधी घुसलं, काय मोडलं, सगळं संगणक चालवणारं लिनक्स लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, लिहून ठेवतं. म्हणून हल्लेखोर आधी तीच नोंद पुसतो.

"और वो खुद न मिटाए तो?"

"तो घर का कोई मिटा देता है." ती माझ्या हातातल्या फडक्याकडे बघत होती. "और हमला फिर होता है."

याच ओट्यावरचं माझं रक्त सासूबाई पुसायच्या. फार स्वच्छ हात होता त्यांचा. बेचाळीस वर्षांत शेजारी कुणाला काही कळलं नाही.

बेल वाजली. "आई, पूस लवकर," आलोक दबक्या आवाजात म्हणाला.

मी फडकं बादलीत टाकलं, दार उघडलं आणि मुन्नीबाईचा हात धरून तिला सरळ ओट्यापाशी घेऊन आले.