बुक्क्याची डबी

काल्याच्या कीर्तनाला अर्धा तास उरला होता. कुंडलच्या देवळामागच्या खोलीत नाथाजीनं पखवाजाला कणीक लावली, हात पुसले आणि आप्पाबुवांपुढं दोन गोळ्या धरल्या.

बुवांनी पिवळी पाण्याबरोबर घेतली. पांढरी मात्र रोजच्यासारखी काळ्या बुक्क्याच्या डबीत बोटानं खोल दाबली.

"बुवा, सांगलीच्या डॉक्टरांनी बजावलं व्हतं. काळजाच्या नळीत चरबीचा थर बसलाय. पिवळी चरबीवर, पांढरी रक्ताच्या दाबावर. जोडीनंच घ्यायच्या."

"आन् पांढरीनं ढास लागती, त्याचं काय? सप्त्याच्या पैल्या दिवशी एक चरण धड गेलं न्हाई. बुवांच्या गळ्यात कुत्रं भुंकतंय, कोन म्हनालं रं?"

नाथाजी ओशाळला. तोच म्हणाला होता.

"खोकला आला तर या, गोळी बदलून देतो, आसंबी म्हनलं व्हतं त्यांनी."

"उद्या पैल्या एस्टीनं जाऊ की. आज देवाला मोकळ्या गळ्यानं हाक मारू दे, गड्या."

नाथाजीनं पखवाज पुढ्यात ओढला. गेले सहा दिवस तो गळा असा सुटला होता, की त्याची थाप आपसूक पडत होती. ते सुख त्यालाही सोडवत नव्हतं.

दारात राहीबाई आली, बुवांचं धुतलेलं उपरणं घेऊन. "भावजी, दोन्ही दिल्या न्हवं?"

"व्हय, वैनी." त्यानं मान वर केली नाही.

काला रंगला. गोपाळ शिदोऱ्या सोडून बसले, देव एकेकाच्या तोंडात घास भरवू लागला. आयाबायांनी डोळ्यांना पदर लावले. बुवांनी वरचा सूर धरला. नाथाजी समेवर आला, सूर आला नाही. त्यानं ठेका फिरवून पुन्हा सम गाठली. बुवा छातीवर हात ठेवून विणेकऱ्याच्या पायाशी बसत चालले होते. साधं खोकलेसुद्धा नाहीत.

गावातला जीपवाला लालासाहेब जीप काढायला धावला. जीप येईपर्यंत जीपचं काम उरलं नव्हतं.

कुणीतरी म्हणालं, कपाळाला बुक्का लावा. राहीबाईनं डबी उघडली, बोट घातलं. बोटाला काहीतरी टणक लागलं. एक काढली. मग दुसरी. तळहातावर सात काळ्या गोळ्या झाल्या. तिनं एक पदराला घासली. ती पांढरी निघाली.

तिनं नवऱ्याच्या कपाळाला बुक्का लावला. मग कीर्तन संपल्यावर रोज बुवा जसे बुक्का लावायला वळत, तशी डबी घेऊन ती सगळ्यांच्या आधी पखवाजाकडं वळली.

नाथाजीनं कपाळ पुढं केलं. तिचं बोट कपाळापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं.