अकरा वेळा

"बाई सांगतेय, पासपोर्ट पिठात पुरून ठेवलाय, आणि लगेच कंपनीची जाहिरात सुरू, पोटाची चरबी वितळवणारा चहा प्या. शी." बुरुलनं कानातले इअरफोन उपसून गादीवर टाकले. "आणि ती चहावाली हसते कशी, कुणी गुदगुल्या केल्यासारखी."

"मग नका ना ऐकू, एजे," बेरमेत म्हणाली. बुरुल वयानं मोठी, म्हणून दोघी तिला एजे म्हणत, ताई. "तीन आठवडे तेच घेऊन बसलाय."

तिघी बिश्केकमध्ये, अनाराच्या घरी आतल्या खोलीत होत्या. अनाराच्या लग्नातल्या रजया भिंतीला, रजया खिडकीला, दारालाही रजई. आवाज घुमू नये म्हणून. चार वर्षं त्यांचा पॉडकास्ट इथंच तयार होत होता. बायकांनी आपापल्या घरातलं बोलून पाठवायचं, नाव कुणाचं घ्यायचं नाही, आणि ह्यांनी ते जगाला ऐकवायचं. जगाला म्हणजे बायकांनाच. कुठल्याही फुटक्या फोनवर ते उतरायचं. बाजाराच्या दिवशी दुकानाच्या फुकट नेटवर उतरवून घ्यायचं, धारा काढताना ऐकायचं, ऐकून पुसून टाकायचं. ना नाव, ना नंबर.

मार्चपासून तो एका मोठ्या कंपनीच्या अ‍ॅपवर गेला. फक्त तिथंच. करार बेरमेतनं आणला, सह्या तिघींनी केल्या. आता ऐकायचं तर खातं लागे, खात्याला फोन नंबर लागे, आणि नंबर बहुतेक घरांत नवऱ्याचा. मग नवऱ्याच्या फोनवर अ‍ॅप आपणहून दाखवी : तुमच्या घरी हे ऐकलं जातंय, तुम्हीही ऐका.

मधोमध कंपनीनं पाठवलेला केक होता. वर कंपनीची खूण, गुलाबी क्रीमचा भला मोठा कान. जूनच्या उकाड्यात त्याची पाळी ओघळून ताटलीला लागली होती. एक गांधीलमाशी आत शिरून चरत होती.

"कापा की," अनारा म्हणाली. "वाया जाईल."

"तू खा," एजे म्हणाली. "मला तो कान बघवतही नाही."

विषय बदलावा म्हणून बेरमेतनं लॅपटॉप ओढला. कंपनीचा तीन महिन्यांचा अहवाल आला होता.

"मिठाच्या बाईचा भाग सगळ्यांत जास्त चाललाय. ह्या ताईंना परत आणा, असं लिहिलंय. पुढं फुलं काढलीत."

मिठाची बाई डोंगरातल्या कोचकोरच्या पलीकडे, मिठाच्या खाणीजवळच्या गावातली. तिचं नाव तिघींनाही माहीत नव्हतं. एकदा तिनं मिनीबसच्या ड्रायव्हरबरोबर खाणीतल्या मिठाचा खडा पाठवला होता, तो माइकशेजारी असायचा. तिचा आवाज दर आठवड्याला यायचा. मेंढ्यांची लोकर कातरून झाली की लेकीला घेऊन निघणार, असं शेवटच्या खेपेला म्हणाली होती. त्यानंतर काही आलं नव्हतं.

"कातरणीचे दिवस आहेत," बेरमेत म्हणाली. "कामात असेल."

"हो," अनारा म्हणाली.

"नाहीतर फोन बिघडला असेल."

"असेल."

"पुढं वाच," एजे म्हणाली.

"कोचकोरकडे ऐकणारं खातं एकच आहे. पण ऐका, एका संध्याकाळी अकरा वेळा लावलंय. पूर्ण नाही हं. चौदाव्या मिनिटापासून सोळाव्यापर्यंत, परत मागं, परत तेच. कंपनी म्हणते, एवढा जीव लावणारा श्रोता..." वाक्य संपायच्या आत बेरमेतचा आवाज खाली गेला.

चौदाव्या मिनिटाला पिठातला पासपोर्ट होता. पंधराव्याला लोकर आणि लेक.

"चहासुद्धा अकरा वेळा," अनारा हळूच म्हणाली.

"तीच ऐकत असेल. आपला आवाज कुणाला आवडत नाही?"

"आपणच सांगितलेलं माणूस अकरा वेळा ऐकत नाही, बेरमेत," एजे म्हणाली. "त्याला समोर बसवून घरचे ऐकवतात."

"पण तिनं नाव कुठं घेतलं? एकदाही नाही. सासऱ्याला उंच टोपी म्हणाली, दिराला खोकला. कोण ओळखणार?"

अनारा रजईचा दोरा ओढत होती. "माझ्या सासऱ्यांना मी घड्याळवाले म्हणते. सुनेनं खरं नाव घ्यायचं नाही, म्हणून लग्न झाल्यावर मीच ठेवलं ते. इथं बिश्केकमध्ये कुणाला सांगून कळणार नाही. पण आमच्या घरात घड्याळवाले म्हटलं तर मांजरसुद्धा मान वर करतं."

 हे बेरमेतलाही माहीत होतं. तीही एका घरची सून होती.

गांधीलमाशी कानातून बाहेर आली, पाय क्रीममध्ये बुडालेले, तिला उडता येईना. एजेनं ताटली ढकलून दिली आणि गुडघ्यांवर हात ठेवून उठली. डोक्याला रुमाल बांधला.

"कोचकोरची गाडी कधी आहे?"

"चारला. ड्रायव्हर ओळखीचा आहे, घर दाखवेल," अनारा म्हणाली. तीही उठली होती. "पण एजे, दारात तो उंच टोपीवालाच उभा असणार. काय सांगायचं त्याला? कोण आपण तिच्या?"

एजेनं मिठाचा खडा उचलून पिशवीत टाकला. 

बेरमेतनं लॅपटॉप मिटला. तिच्या बोटाला कुठून तरी गुलाबी क्रीम लागलं होतं. ते तिनं रजईला पुसलं, मग परत पुसलं.

"ज्यांनी तिला पकडून दिलं," ती म्हणाली, "त्या."